राखणीचं जनावर

चिपळूणहून आलेल्या एसटीच्या टपावरून टोपली खाली उतरली ती फुत्कारतच. कंडक्टरने हात झटकून बोट तोंडात घातलं.

"काय आणलास रे भिवा? नाग धरलास की काय?" थांब्याच्या कट्ट्यावरून रावजींनी विचारलं.

"कोंबड्यांच्या राखणीला आणलंय," भिवा म्हणाला. "राजहंस हायत. मुंबैत आमच्या शेठच्या बंगल्यात असलेच होते. चोराची छाती नव्हती फाटकात पाय टाकायची."

"मग शेठनं तुला पगार कशापायी दिलान?"

कट्टा हसला. भिवाही हसला. उभा जन्म वॉचमनकी केलेला माणूस. कोण आत गेलं आणि कोण बाहेर आलं एवढंच तो लक्षात ठेवायचा. कोण हसलं, ते वाडी लक्षात ठेवायची.

मुंबई सोडून कायमचा घरी आला तेव्हा खाकी कोट पत्र्याच्या ट्रंकेत टाकून त्याने जाहीर केलं होतं, "आता कुणाची राखण नाय. राहिलेली झोप वसूल करायची." एक पावसाळाही धड झोपून झाला नाही. भात झोडायच्या दिवसांत त्याची बायको, कमलाबाई, अंगणात कोसळल्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरला डावा हात. काही हवं असलं की त्या हाताने खाटेच्या लाकडावर ठकठक करायच्या. आणि जिभेवर उरली एकच खूण, "ति."

नवरा मुंबईला असताना कमलाबाईंचं घर कोंबड्यांनी भरलेलं असे. मोकळ्या फिरायच्या, दिवसभर परसात, भातखाचरात, पार ओहोळापर्यंत. आता त्या पडवीतल्या खाटेवरून कान देऊन असायच्या. बाहेर कुडकुड चालू असली की पेज पोटात जायची. कोंबडी ओरडली आणि पुढे गप्प झाली, की तोंड भिंतीकडे. मग भिवाने वाटी किती वेळ धरली तरी ओठ उघडायचे नाहीत. भिवाला हे गणित आठवड्याभरात कळलं होतं: कोंबडी गेली की बाईचं जेवण गेलं. आणि बाईच्या अंगात जेवण बुडवण्याइतकं काही राहिलं नव्हतं.

खाणारे कमी नव्हते. दिवसा मुंगूस यायचं. तिन्हीसांजेला रानमांजर. कमलाबाई पडल्यापासून कोंबड्या खुराड्यात शिरायच्या सोडून परसातल्या रातांब्यावर चढायला लागल्या होत्या. रानमांजराला झाड म्हणजे वाढलेलं पानच. भिवाने बांबूने हुसकावलं तर त्या आणखी वरच्या फांदीवर जायच्या.

राजहंसांनी राखण झकास केली. पोस्टमनला परसात येऊ दिलं नाही. गोळ्या द्यायला आलेल्या नर्सबाईची साडी फाडली. रावजींची पिंढरी तर अशी धरली की वाडीला महिनाभर पुरलं. फक्त रानमांजर आलं त्या दिवशी दोघे मान खाली घालून खुराड्यात शिरले आणि दार अडवून बसले. कोंबड्या बाहेर, राखणदार आत.

"बंगल्यातले ना," रावजी लंगडत म्हणाले. "त्यांना गेटच्या आतली सवय."

भिवाने राजहंस टोपलीत भरून चिपळूणला परत धाडले आणि कुत्रा आणला. करड्या रंगाचा, एक कान मोडका. नाव ठेवलं सायब.

"सायब, बस!" तो दरडावायचा. "सायब, चप्पल आण!" इतक्या वर्षांचे सलाम त्याने त्या कुत्र्याकडून फेडून घेतले, असं वाडीचं म्हणणं. पण सायब खरोखर कामाचा निघाला. मुंगसाचं येणं थांबलं. संध्याकाळी तो रातांब्याखाली बसून राहायचा आणि रानमांजर कुंपणापलीकडूनच वळायचं. कमलाबाईंच्या गालांवर जरा मांस आलं. रावजींनीही चेष्टा आवरती घेतली. चांगलं चाललेल्या घरात त्यांना करमायचं नाही.

शिमग्याच्या आधी वाघाने सायबाला नेलान. दिवेलागणीला, दारातून. एकदाच केकाटला, तेवढंच.

वनखात्याचा माणूस आला, ठसा बघून बिबट्या म्हणाला. "कुत्रा बांधलात म्हणजे त्याला आवतणच दिलंत, काका. कोंबडीसाठी नाय येत तो, कुत्र्यासाठी येतो. आता फिरेल हिकडेच. काळोख पडायला लागला की अंगणात बसू नका."

"मग कुठला जनावर ठेवू?"

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. मांजराला कुत्रा, कुत्र्याला वाघ. वाघाला काय ठेवायचं, ते सरकारच्या कुठल्या कागदात नव्हतं.

त्या दिवसापासून रावजी मनापासून हळहळायला लागले. जवळ बसून म्हणाले, "माझं ऐक. राखणदाराला, वेशीवरच्या देवाला, कोंबडा दे. आमच्यात दरसाल देतात. तोच सांभाळतो."

"म्हंजे कोंबड्या वाचाव्यात म्हणून कोंबडा द्यायचा?"

"रीत हाय ती."

भिवाने पडवीकडे पाहिलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली खाटेवर कमलाबाई, भिंतीकडे तोंड करून. "आमच्या बापसान ते सोडलान, रावजी. मी परत नाय धरणार." मग उठता उठता म्हणाला, "मनात आलं नाय असं नाय."

दीक्षा, भिवा-कमलाबाईंची मुलगी, दाभोळला दिलेली, अंगणवाडीवर काम करणारी, एका सुट्टीला आली. संध्याकाळी तिने सुपात कणी घेतली, परसातल्या खळ्यात उभी राहिली आणि हाक मारली, "ति ति ति… या गो बायांनो, या!"

रातांबा सळसळला. कोंबड्या धपाधप खाली उतरल्या, तिच्या पायांत घोटाळल्या आणि एकीमागून एक खुराड्यात गेल्या. भिवा हातातला बांबू धरून बघतच राहिला.

"हे काय केलास, बाय?"

"काय केला म्हंजे? आये रोज हाक मारायची. तिची हाक ऐकल्याबिगर त्या कधी आत जायच्याच नायत. तुम्हाला ठाव नाय?"

"मी कुठं होतो इथं? मे महिन्यात यायचो."

"यायचात नि झोपायचात," दीक्षा म्हणाली आणि हसली. तिचा आवाज हुबेहूब आईचा होता. आजवर ते भिवाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पडवीत कमलाबाईंनी भाकरीचा काला संपवला आणि वाटीवर ठकठक केलं. आणखी हवा होता.

"राहा चार दिवस," भिवा म्हणाला.

"पोराची परीक्षा हाय, बाबा. सकाळची गाडी धरायची हाय. तुम्ही शिका की हाक."

त्याने प्रयत्न केला. "ति ति ति!" फाटकावर अनोळखी रिक्षा अडवावी तसा आवाज निघाला. खुराड्यातला कोंबडा आतून ओरडला. कमलाबाईंचं अर्धं तोंड हसलं.

दुसऱ्या संध्याकाळी कोंबड्या रातांब्यावर होत्या. भिवा खळ्यात उभा राहून घसा बसेपर्यंत हाका मारत राहिला. त्यांनी माना वाकड्या करून त्याच्याकडे पाहिलं, पण एकही उतरली नाही.

त्याने घरात जाऊन ट्रंक उघडली. खाकी कोट चढवला. पोटावर बटण लागलं नाही. काठी घेतली, प्लॅस्टिकची खुर्ची रातांब्याखाली ठेवली आणि झाडाकडे पाठ, रानाकडे तोंड करून बसला.

दगडी गडग्यापलीकडून रावजी गुरं घेऊन चालले होते. "मिळालं म्हणायचं एकदाचं राखणीचं जनावर!" ते म्हणाले. मग थांबले. "भिवा, नको बसूस रे. तो फिरतोय अजून."

"जा तुम्ही. गुरं बांधा."

पडवीतून आवाज आला. "ति… ति…" फाटका, ओला आवाज. वरच्या फांदीवर एक कोंबडी अस्वस्थ झाली, पंख सोडून परत मिटून बसली. खाली कोणी आलं नाही. आवाज पुन्हा आला, अगदी बारीक.

"असू दे गो," भिवा मान न वळवता म्हणाला. "मी हाय हितं."

समोरचं रान काळं होत चाललं. त्याने काठी जांभ्याच्या दगडावर आपटली, पूर्वी गस्तीवर आपटायचा तशी. ठक.

थोड्या वेळाने आतून, खाटेच्या लाकडावर, ठक.