हॅडलेबाईंच्या घरातलं टेबल

मी टेबल बोलतंय. ओकच्या लाकडाचं. विनिफ्रेड हॅडलेबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी मला आंदण म्हणून दिलं आणि मी फिलाडेल्फियाबाहेरच्या एका गोऱ्या वस्तीत आलं.

एकोणीसशे अठ्ठावन्न सालापासून दर मंगळवारी माझ्यावर कॉफी आणि लिंबाचा केक मांडला जाई. सात-आठ बायका पत्रं लिहायला बसत. घर विकताना काळ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणू नका, अशी वस्तीतल्या घरमालकांना ती पत्रं. त्यापायी बाईंना फोनवरून घाणेरड्या शिव्या ऐकाव्या लागत. बाई हटल्या नाहीत. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

त्या बायकांत काळी एकटी ऑर्नेला पेटिफर्ड. शाळेत गणित शिकवायची. तिचं अक्षर चांगलं, म्हणून पाकिटांवरचे पत्ते तिच्याकडे.

त्रेसष्टच्या वसंतात बाईंच्या शेजारचं घर विकायला निघालं. ऑर्नेलानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, मला आणि माझ्या नवऱ्याला ते घर बघायचंय.

बाईंनी केकची सुरी पुसली. ती स्वच्छच होती.

"आत्ताच नको गं," बाई म्हणाल्या. "इथल्या लोकांची अजून तयारी नाही. मी बोलते त्यांच्याशी, जरा वेळ दे."

"पाच वर्षं याच गल्लीचे पत्ते लिहितेय मी, विनी. लोक म्हणजे नेमकं कोण, तेवढं सांग."

बाई केक कापायला लागल्या. ऑर्नेलानं उरलेली अकरा पाकिटं पुरी केली, हातमोजे चढवले आणि गेली. पुन्हा आली नाही. शेजारचं घर एका गोऱ्या दंतवैद्यानं घेतलं. मंगळवार चालू राहिले.

पुढच्या वर्षी ऑर्नेलानं रेल्वेरुळांपलीकडच्या गोऱ्या वस्तीत घर घेतलं. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी खिडक्या फोडल्या. कळताच बाई झाडू घेऊन गेल्या. संध्याकाळी माझ्याशी बसून त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्या झाडत होत्या, ऑर्नेला सुपली धरत होती. मागचं कुणीच काढलं नाही. निघताना बाई माफी मागायला लागल्या, तर ऑर्नेला म्हणाली, "सोफ्याखालीही बघ. मुलं अनवाणी फिरतात."

"मग?" नवऱ्यानं विचारलं.

"मग काय, सोफ्याखाली झाडलं."

बोलता बोलता वाडग्यांतलं सूप निवून गेलं. दोघांनी तसंच संपवलं.

नंतर बाई मोर्च्यांत गेल्या, दोन दिवस तुरुंगात राहिल्या, गावानं त्यांना मानपत्रही दिलं. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी वृद्धाश्रमात राहायला निघाल्या, तेव्हा त्यांनी ऑर्नेलाला फोन केला. मी तिच्याकडे जावं, असं त्यांच्या मनात होतं. फोन ठेवून मुलीला म्हणाल्या, "तिच्याकडे टेबल आहे म्हणे."

आता मी चर्चच्या तळघरात आहे. अंगावर जुन्या कपड्यांचा ढीग असतो. एक पाय डुगडुगतो. कुणाला हवं असेन तर घेऊन जा. हल्ली मला फारसं काही वाटत नाही. पण कुणी समोरासमोर बसून खरं बोलणार असेल, तर तेवढा भार मला अजून पेलेल.