पट्टीवरची दुसरी रेघ

संघप्रिया मॅडमचं मशीन माझ्या दुकानात जोडलं गेलं, तेव्हा त्याच्या भल्याबुऱ्यात माझाही वाटा धरायला हरकत नाही. धरणाकाठच्या पाणी उपसायच्या मोटारी दुरुस्त करणं हा माझा धंदा. मोटार जळून आली की आतली तार बघूनच मला मालकाचा स्वभाव कळतो. कोण हावरट, कोण आळशी, कोण शेजाऱ्याच्या तारेवर आकडा टाकतो, सगळं काळं होऊन माझ्या टेबलावर येतं. या बाई मात्र मिक्सरची मोटार घेऊन आल्या. म्हणाल्या, "नवनाथभाऊ, ही जोरात फिरवायची आहे, पण वाटायचं काही नाही."

सोलापूरच्या कॉलेजात त्या संशोधन करत होत्या. मासा पोहून गेला तरी त्याच्या अंगाचे बारीक कण पाण्यात मागे राहतात. ते वेचायचे आणि मासा न पकडता ओळखायचा. विकतचं मशीन आणण्याची सोय नव्हती, म्हणून आम्ही घरचंच केलं. कोऱ्या फवारणी पंपाने पाणी गाळणीच्या कागदातून दाबायचं. कागदावर अडकलेलं औषधात विरघळवून मिक्सरच्या मोटारीवर गरगरवायचं, मग थर्मासच्या ऊन पाण्यात तासभर ठेवायचं. शेवटी त्यात एक पट्टी बुडवायची. पहिली रेघ आली म्हणजे पट्टी चांगली. दुसरी आली म्हणजे ज्याला शोधतोय तो आहे.

त्या शोधत होत्या खडस मासा. आमच्या जाळ्यात तो कैक वर्षांत आलेला नाही. शिवाय एका डबीत माणसाच्या पट्ट्या होत्या. नमुन्यात कुणी बोट बुडवलं तर कळावं, एवढ्यासाठी. हे त्यांनी गावात सांगायला नको होतं.

पहिल्या दिवशी एकजण म्हैस गाभण आहे का विचारायला आला. दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ आले, आमच्या पायपात कोण मुततं ते सांगा म्हणून. मॅडम हसल्या. तिसऱ्या दिवशी रंभाबाई आली, तेव्हा हसण्यासारखं काही राहिलं नाही.

तिचा नवरा महिपती बावीस दिवसांपूर्वी पहाटे जाळं टाकायला गेला होता. बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यात होडी अडकलेली सापडली. आत जाळं, जेवणाचा डबा, चपला. माणूस नाही. पाणबुडे तीन दिवस धुंडून गेले. मग गावाला कंटाळा आला आणि गाव बोलायला लागलं: भिगवणच्या स्टँडवर दिसला म्हणे, पुण्याची कुणी बाई होती म्हणे. मी दोन्ही बाजू मांडून बघितल्या. नवरा बुडाला तर बायको विधवा, तिला चार माणसं भाकरी आणून देतात. नवरा पळाला तर खोट बायकोत. सासू येसूबाई रोज घाटावर बसून ओरडायची, "माझं लेकरू जित्तं हाय! हिच्या तोंडाला कटाळून गेलंय!"

रंभाबाई उंबऱ्यावर बसली. "बाई, तुमची मशीन पान्यातला मानूस वळकती म्हनं."

"माणूस आहे एवढंच सांगते, ताई. कोण ते नाही सांगत. आणि इतक्या दिवसांनी काही उरतही नाही."

"बगा तर. बाभळीपाशी."

मॅडमना खडसासाठी तिकडचं पाणी हवंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही होडीतून कॅन भरून आणला, दुकानात ठेवला आणि समोर चहाला गेलो. परत येऊन पाणी दाबलं, फिरवलं, ऊन केलं. खडसाच्या पट्टीवर एकच रेघ. माणसाच्या पट्टीवर दुसरी उमटली ती अशी ठसठशीत की मॅडम माझ्यावर चिडल्या.

"भाऊ, हात घातलात ना?"

"आईशप्पत नाही."

"मी दिला," दारातून रंभाबाई म्हणाली.

"काय दिला?"

"त्याचा सदरा. पोलिसाच्या कुत्र्याला वास देत्यात की. न्हायतर मशिनीला कळावं कसं, कुनाला हुडकायचं ते?" तिच्या हातात ओला सदरा निथळत होता. तो गेला त्याच्या आदल्या रात्री काढून ठेवलेला, तेव्हापासून न धुतलेला. कॅनमध्ये बुडवून वर काढला होता.

मॅडम खाली बसल्या. त्यांनी तिला नीट समजावलं, दोनदा. सदऱ्यावर त्याचा घाम होता, रेघ त्या घामाची आहे. मग आम्ही परत बाभळींपर्यंत गेलो, कोरा कॅन भरला, पुन्हा सगळं केलं. रंभाबाई थर्मासकडे बघत तासभर बसून होती. या खेपेला माणसाच्या पट्टीवर एकच रेघ आली.

"म्हंजे न्हाय तितं?"

"म्हणजे काहीच कळत नाही. असला तरी रेघ येणार नाही, नसला तरी येणार नाही."

एवढ्यात बातमी लागून येसूबाई आली, मागे पाचसात बाया. "काय गं, गावलं का माझं लेकरू? का तू हाकललंस ते बी मशिनीत दिसतंय?"

रंभाबाई उठली. टेबलावरच्या माणसाच्या दोन पट्ट्यांतली सकाळची तिने उचलली आणि सासूच्या डोळ्यांपुढे धरली. "हाय तितं, आत्याबाई. दोन रेघा आल्या. नवनाथभाऊनी बगितल्या की. इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मॅडमनी तोंड उघडलं होतं. रंभाबाईने माझ्याकडे बघितलंही नाही. ती पट्टी सासूपुढे धरून उभी होती.

"आल्या," मी म्हणालो. "मी बघितल्या."

येसूबाई जागच्या जागी बसली. मग तिने जो हंबरडा फोडला तो पलीकडच्या केळीच्या बागेपर्यंत गेला असेल. इतके दिवस जिला शिव्या दिल्या त्याच सुनेच्या गळ्यात पडून ती रडली, आणि सून कोरड्या डोळ्यांनी तिची पाठ चोळत राहिली.

सगळे गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोललात."

"रेघा किती होत्या?"

"दोन."

"मग?"

त्यांनी वहीत त्या नमुन्यासमोर 'बाद' लिहिलं आणि मशीन आवरायला घेतलं. संध्याकाळच्या गाडीने सोलापूरला गेल्या.

घाटावर महिपतीच्या नावाने गवताचा पुतळा करून जाळला. दिवस झाले, तेरावं झालं. बाया भाकरी घेऊन आल्या, भिगवणचा विषय कुणी काढला नाही. हिशोब बरोबर जुळला असं मला वाटलं होतं.

चौदाव्या दिवशी दुपारी रंभाबाई दुकानात आली. कपाळ मोकळं. मी मोटार खोलत होतो. ती तारेची गुंडाळी बघू लागली.

"भाऊ, आपली मशीन मानूस हाय येवडंच सांगती न्हवं?"

"व्हय."

"मग नाव सांगनारी कुटं असती?"

मी पान्हा खाली ठेवला. "असंल मोठ्या शहरात कुठंतरी. मॅडमना विचारायला लागंल."

"इचारा, मला तरी खरं कळू दे," ती म्हणाली. बाहेर कुणी आहे का ते तिने वळून बघितलं. "पर आत्याबाई देवळात गेल्यावर फोन लावा."