पहिली ओळ बाबांची

माझ्या बाबांचं आणि सुरांचं कधी जमलंच नाही. ते चष्मे बनवतात. भिंग केसभर तिरकं बसलं तरी त्यांना अन्न गोड लागत नाही, पण गाताना सूर वीतभर सरकला तरी त्यांचं काही बिघडत नसे. दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावरून ते असे काही गात, की पायपेटी वाजवणारी बाई यांचीच मुलगी, हे लपवावंसं मला वाटे. राग माझ्या नाकावरच असतो.

"बाबा, जरा हळू गा ना," मी घरी येऊन म्हणे.

"देवाला ऐकू जायला नको?"

"देव बहिरा नाहीये!"

"मग तू एवढी पेटी कशाला बडवतेस?"

झालं. आई हसायला लागे आणि मी पाय आपटत आत जाई.

गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. आता ते गळ्यापाशी केलेल्या छिद्रातून श्वास घेतात, त्यावर आईने शिवलेला पातळ रुमाल असतो. बोलायचं ते चष्म्याचे नंबर लिहायच्या कागदावर लिहितात, त्यामुळे 'भाजीत मीठ कमी' हेसुद्धा आमच्याकडे डावा डोळा, उजवा डोळा अशा चौकटींत येतं. आणि मी? ज्या आवाजाने मी वर्षानुवर्षं वैतागले, तो बंद झाल्यापासून मला पहिल्या बाकाकडे बघवत नव्हतं.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक जुनी पद्धत आहे. ज्याला देवाचे उपकार मानायचे असतील त्याने उपासनेत उभं राहायचं आणि आवडत्या गीताची पहिली ओळ एकट्याने गायची, पेटीशिवाय. दुसऱ्या ओळीपासून पेटी आणि सगळी मंडळी साथ देतात. नोकरी लागलेले, बाळंतीण, आजारातून उठलेले, सगळे असेच उभे राहतात.

ऑपरेशनला वर्ष झालं त्या आठवड्यात बाबांनी जेवताना कागद पुढे सरकवला. 'या रविवारी मी उभा राहणार. गीत एकशे बारा.'

"उभे राहून करणार काय?" मी फाडकन बोलून गेले.

'गाणार.'

"अहो बाबा, कसं गाणार? मी गाते ना तुमच्याऐवजी. पाळकसाहेबांना मी सांगते."

त्यांनी पेन असं दाबून लिहिलं की कागद फाटला. 'वाचलो मी. तू नाही.'

"सगळे बघत बसतील. कोणी हसलं तर?"

"हसू दे की," आई वाढता वाढता म्हणाली. "आधी काय कमी हसायचे?"

बाबांचे खांदे हलायला लागले. हसतात ते आता असे. मग त्यांनी खाली लिहिलं, 'तू फक्त दुसरी ओळ वेळेवर घे.'

रविवारी मी पेटीपाशी बसले. पाळकसाहेबांनी विचारलं, "आज कोणाला उपकार मानायचे आहेत?" आणि बाबा उठले. गीतपुस्तक उघडलं, मंडळीकडे तोंड केलं. ओठ हलायला लागले.

काहीही ऐकू येत नव्हतं. मागे एक बाक करकरला, तेवढंच. माझ्याच्याने वर बघवेना. पट्ट्यांवर डोळे रोखून मी मनात मात्रा मोजू लागले. ओळ सोळा मात्रांची. सोळा झाल्या आणि मी दुसरी ओळ घेतली.

एकटीनेच. एकाही माणसाने तोंड उघडलं नाही.

मी हात उचलले आणि मान वळवली. बाबांची ओळ अजून संपलीच नव्हती. हनुवटी वर करून ते शेवटचा शब्द लांबवत होते. पुस्तकात तो चार मात्रांचा, बाबांच्या हिशेबी आठांचा. याच शब्दावरून मी त्यांच्याशी किती भांडले असेन! ते चारला थांबावेत म्हणून पेटी किती बडवली असेन! आणि सगळी मंडळी त्यांनीच बनवलेल्या चष्म्यांतून त्यांच्या ओठांकडे बघत थांबली होती. त्यांना तो शब्द किती लांब आहे ते पक्कं ठाऊक होतं. मुलगी असून मीच तेवढी चुकले.

बाबांनी ओठ मिटले, आणि दुसरी ओळ सगळ्यांच्या तोंडून एकदम उठली. पेटीची वाट कोणी पाहिली नाही. मी धडपडत मागून सामील झाले. पट्ट्या नीट दिसत नव्हत्या.

पहिलं कडवं संपलं. एकट्याने गायची असते ती एकच ओळ, पुढचं सगळं सर्वांनी मिळून. म्हणून मी दुसऱ्या कडव्याची सुरुवात घेतली, आणि पुन्हा माझी पेटी एकटीच. अख्खी मंडळी गप्प उभी होती. बाबाही गोंधळले, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दुसऱ्या बाकावरच्या पाववाल्या काकूंनी त्यांना मानेनेच खुणावलं, "चला, घ्या."

मी हात मांडीवर ठेवले. बाबांनी रुमाल सारखा केला आणि ओळ घेतली. या वेळी मी त्यांच्याकडे बघत होते.

कडवी चार होती. चारही वेळा बाबांनी सुरुवात केली, आणि चारही वेळा ते थांबेपर्यंत कोणीही तोंड उघडलं नाही.