संजीवनीची साक्ष

मलकापूरच्या चर्चमध्ये संजीवनीला ओळखणारे होते त्याहून कितीतरी जास्त लोक तिला मोबाइलवर ओळखत. रोज सकाळी ती बायबलमधलं एक वचन वाचायची, त्यावर दोन गोड शब्द बोलायची आणि हात जोडायची. मागे फिकट गुलाबी पडदा, अंगावर कडक इस्त्रीची साडी आणि चेहऱ्यावर फोननंच चढवलेलं तेज. नवरा शमुवेल कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता. कामावर जाण्याआधी तो व्हिडिओ घ्यायचा, नीट करायचा आणि टाकायचा. तिला दिवस गेले तसे गालांवर वांगाचे डाग उमटले, पण व्हिडिओत ते कुणालाच दिसले नाहीत.

सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मुलगी होती.

दवाखान्यातून घरी आल्यावर आपल्याला रडू कोसळेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. छातीत दूध दाटलं तेव्हा सासूनं, जनकाबाईनं, जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधून दिली. तेही दुसऱ्याच कुणाला बांधलं जातंय तसं ती बघत राहिली. घास तोंडात फिरत राहायचा. कुणी हाक मारली की ती वळून बघायची आणि आपण कशासाठी वळलो तेच विसरायची.

फोनवर मात्र माणसं वाट बघत होती. ताई, तुम्ही बऱ्या आहात ना? ताई, तुमच्या वचनाशिवाय सकाळ होत नाही. चर्चमधल्या बाया येऊन सांगून गेल्या, "परीक्षा आहे ही तुझ्या विश्वासाची. जग पाहून राह्यलं तुले."

मग एका सकाळी ती उठली, साडी नेसली आणि पडद्यापुढे बसली. पहिल्यांदा ओठ हसले, डोळे हसले नाहीत. शमुवेल म्हणाला, "आणखी एकदा घेऊ?" पुन्हा घेतलं. मग पुन्हा. शेवटी जमलं. "प्रभूनं माझं दुःख उचलून घेतलं आहे," ती म्हणाली, "मी आज आनंदात आहे." हा व्हिडिओ आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त फिरला. चर्चचे पाळकसाहेब घरी आले आणि म्हणाले, "वार्षिक मेळाव्यात साक्ष द्या तुम्ही, देवानं काय केलं ते सांगा. लोकांना बळ येईल." तिनं होकारार्थी मान हलवली.

मेळाव्याच्या आधल्या आठवड्यात दारात एक बाई उभी राहिली. नाव जयमाला. संग्रामपूरकडून आली होती, गाड्या बदलत, पत्ता विचारत. रोजमजुरी करायची आणि गावातल्या चार बायांबरोबर प्रार्थनेला बसायची.

पाणी प्यायल्यावर ती म्हणाली, "ताई, मायं पोरगं गेलं दिवाळीच्या आधी. ताप आला न् गेलं. मी अजूनबी रडून राह्यली. आमच्या बाया म्हणतात, त्या मलकापूरच्या ताईले पाह्य, तुयाच विश्वास कच्चा हाय. म्हणून आली मी. कसं केलं तुमी, मले सांगा."

लोणच्याला मीठ किती घालायचं ते विचारावं, इतक्या सरळपणे तिनं विचारलं. संजीवनीकडे उत्तरं तयार होती. प्रार्थना करा, वचन वाचा, सगळं त्याच्यावर सोपवा. ती उत्तरं ओठांपर्यंत आलीसुद्धा. पण समोरचे सुजलेले डोळे तिच्या तोंडाकडे लागले होते.

"मले काहीच होऊन नाही राह्यलं," संजीवनी म्हणाली.

"म्हंजे?"

"आनंद नाही. दुःखबी नाही. लाकूड झाली मी. तो व्हिडिओ कितीदा तरी घेतला आम्ही. ज्यात हसू नीट आलं, तो टाकला."

जयमालानं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "मी तं त्याचे कपडे देऊन टाकले, ताई. तुमचा व्हिडिओ पाहून. म्हटलं, रडनं बंद करा लागते. वास होता त्यायले त्याचा."

माफी मागावी असं संजीवनीला वाटलं, पण मागायला आतून काही हललंच नाही. तिनं चहा ठेवला. दोघी चहा प्यायल्या. बसस्टँडपर्यंत ती जयमालासोबत चालत गेली. गाडीत चढताना जयमाला म्हणाली, "राग नाही आला असं नाही म्हनत मी. पन रडनं पाप नाही, एवढं तं समजलं."

संध्याकाळी संजीवनी नवऱ्याला म्हणाली, "तो व्हिडिओ काढून टाका."

"काऊन? लोकायले आधार होते त्याचा."

तिनं कपड्यांचं सांगितलं. शमुवेलनं फोन हातात घेतला. मग त्यानं तो व्हिडिओ काढून टाकला.

"न् मेळाव्याचं?"

"जाईन मी."

मेळाव्याला मांडव भरला होता. नाव पुकारल्यावर ती उठली तशी पुढच्या रांगांतून बरेच फोन वर झाले. दिवसाच्या उजेडात गालांवरचे डाग स्वच्छ दिसत होते. कुणीतरी शेजारणीच्या कानात काही बोललं.

"मी तुम्हाला खोटा चेहरा दाखवला," ती म्हणाली. गाडी उशिरा येणार आहे हे सांगावं, तसा तिचा आवाज होता. "मला शांती मिळालेली नाही. प्रार्थनेला बसते तर शब्द येत नाहीत, नुसती बसते. प्रभू ऐकतो की नाही, मला कळत नाही. पण आपलं लेकरू गेल्यावर आईनं हसून दाखवावं, असं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. तो स्वतः मेलेल्या मित्राच्या कबरीकडे जाताना रडला होता. माझं पाहून कुणी आपलं रडू दाबलं असेल, तर त्यानं दाबू नये. एवढंच."

आमेन कुणी म्हटलं नाही. काही फोन खाली आले. पाळकसाहेबांनी जरा थांबून पुढचं गीत सांगितलं आणि पेटी वाजू लागली. जेवणाच्या पंगतीत दोन-तीन बायांनी तिच्याशेजारची जागा सोडली. एक म्हातारी वाढता वाढता म्हणाली, "असं चारचौघात नसते बोलत, बाई." आणि तिच्या पानात आणखी भात वाढून पुढे गेली. पाळकसाहेब निघताना म्हणाले, "आधी मला सांगायचं होतं." थोडं थांबून म्हणाले, "घरी येईन मी. प्रार्थनेला नाही, असाच."

घरी परतल्यावर शमुवेल बूट न काढता ओसरीवरच बसला.

"मी पाह्यलं होतं तिले," तो म्हणाला.

दवाखान्यात नर्सनं विचारलं होतं, बाळाला बघायचं का म्हणून. तेव्हा संजीवनीनं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. त्यानंतर त्या मुलीविषयी दोघांत एक शब्द झाला नव्हता.

"कशी होती?"

"केस होते. लय. तुयासारखे." त्यानं उघडा हात पुढे करून तिची लांबी दाखवली, आणि तो हात त्याला परत घेता येईना. त्याचे खांदे हलू लागले.

संजीवनी त्याच्याजवळ सरकली. तिला अजूनही रडू येत नव्हतं. त्याचा तो उघडा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, "अजून सांगा."

तो सांगत राहिला.