बरं चाललंय म्हणायचं नसतं

गोव्यातल्या आमच्या इब्रामपुरात कुणालाही विचारा, कसं काय चाललंय म्हणून. घरावर नवी कौलं चढत असली तरी माणूस म्हणणार, "कसला चालता, ढकलतंय आपला." बरं चाललंय असं तोंडाने म्हणायचं नसतं. म्हटलं की दृष्ट लागते. माझ्या जावेने एकदा भर लग्नात आपल्या म्हशीच्या दुधाचं कौतुक सांगितलं, आणि आठवड्यात म्हैस आटली. आता हसायचं तर हसा.

मी विनोदिनी. खोबरेल काढून विकते. नवरा बाबाजी खाणीवर ट्रक चालवतो, पण खाणी कधी चालू, कधी बंद, त्यामुळे घर तेलावरच चालतं. खोबरं मी घरी सुकवते आणि बसने पेडण्याला मधुकरांच्या तेलाच्या घाणीवर नेऊन तेल काढून आणते. मांद्र्याच्या गेस्टहाऊसवाल्यांना दुसऱ्याचं तेल चालत नाही. हे तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर बोलू नका.

यंदा मधुकर म्हणाले, "विनोदिनी, माझे गुडघे गेले. घाणी विकतो. तुला हवी तर गणपतीच्या चवथीपर्यंत थांबतो, नाहीतर दोडामार्गचा व्यापारी टपून बसलाय." घाणी दोडामार्गाला गेली की माझा धंदाही तिच्याबरोबर गेला. सरळ हिशेब होता. म्हणून मी एका संस्थेकडे कर्ज मागितलं. ही संस्था परदेशातल्या लोकांचे पैसे इकडच्या बायकांना धंद्यासाठी देते. आधी त्यांचं माणूस घरी येतं, चार गोष्टी विचारतं, आणि ते जे लिहील त्यावर कर्ज मिळायचं की नाही ते ठरतं.

ते माणूस म्हणजे मारायका. हॉलंडची, लांब पायांची, नाक उन्हाने सोललेलं. तिकडे बँकेत होती आणि बिनपगारी रजा घेऊन इकडे फुकट राबायला आली होती. सोबत संस्थेची सायली, डिचोलीची मुलगी. मारायका विचारणार, सायली मराठीत सांगणार, माझं उत्तर परत इंग्रजीत करणार.

मी चहा दिला, चकल्या दिल्या. मारायकाने विचारलं, "धंदा कसा चाललाय?"

कुंपणापलीकडे शेजारची संजना कपडे वाळत घालत होती. एकच टॉवेल ती केव्हाची झटकत होती. मी म्हटलं, "कसला चालता गो बाये, ढकलतंय आपला."

"गिऱ्हाईक आहे का?"

"चुकूनमाकून येतं कुणी."

"पुढे वाढेल असं वाटतं?"

"आमचं कसलं वाढतंय."

मारायका सगळं लिहून घेत होती. जाताना तिने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, काय मायाळू पोर आहे, झालं आपलं काम.

पुढच्या आठवड्यात सायलीचा फोन आला. कर्ज नामंजूर झालं होतं. धंदा चालत नाही, गिऱ्हाईक नाही, बाईंना स्वतःलाच आशा नाही, तेव्हा कर्जाचा बोजा त्यांच्यावर टाकू नये, असं कळवलं होतं.

माझं डोकं फिरलं. दोघींना घरी बोलावून घेतलं आणि दारातच सुरू झाले. "सायली, तू डिचोलीची ना? तुझी आई धंदा बरा चाललाय म्हणते कधी?"

"नाही म्हणत, काकी," सायली खाली मान घालून म्हणाली. "पण शब्दाला शब्द सांगायचा, आपलं काही घालायचं नाही, असा आम्हांला नियम आहे."

"तुझा नियम घाल चुलीत. आणि हिला सांग, मी खोटं बोलले ते बोलले, पण हिने ते खरं कशाला मानलं?"

सायलीने तेही शब्दाला शब्द सांगितलं. मारायकाचा चेहरा पांढरा पडला. रागावून निघून गेली असती तर मी काय करणार होते? पण ती तिथेच पायरीवर बसली आणि म्हणाली, "मग मला शिकवा. मी तुमच्याबरोबर राहते."

आणि राहिली की खरंच. पहाटे उठून माझ्याबरोबर नारळ फोडले, त्यात बोट कापून घेतलं. खोबऱ्याची पोती बसमध्ये चढवली, मधुकरांच्या घाणीवर उभं राहून तेल गाळलं. मांद्र्याला कॅन डोक्यावर घेऊन निघाली तेव्हा सगळा रस्ता वळून बघत होता. गेस्टहाऊसवाल्यांच्या तक्रारी तिने स्वतःच्या कानांनी ऐकल्या. तक्रार एकच होती, तेल पुरत नाही. दर वेळी ती माझ्याकडे बघायची आणि मी दुसरीकडे बघायची. माझ्या पोटच्या पोरांनीही तो कॅन इतक्या आनंदाने कधी उचलला नव्हता. संध्याकाळी बाबाजी ट्रक घेऊन आला की मी मीठमिरच्यांनी त्याची दृष्ट काढायची, तेही ती टक लावून बघायची.

तिने सगळं नव्याने लिहून पाठवलं. पण संस्थेतली माणसं म्हणाली, आधी बाई एक बोलल्या, आता तुम्ही दुसरंच लिहिता. बाईंनी स्वतः आमच्यासमोर सांगावं. चवथ तोंडावर आली होती, आणि मधुकरांनी व्यापाऱ्याला आज-उद्या करत कसंबसं थोपवून धरलं होतं.

ओसरीवर सायलीने मोबाईल टेकवून ठेवला. त्यात संस्थेतले तीन अनोळखी चेहरे दिसत होते. संजना कुंपणाशी आली होती, आज टॉवेलसुद्धा न घेता. मोबाईलमधल्या बाईने मराठीतच विचारलं, "विनोदिनीताई, धंदा कसा चाललाय?"

"कसला..." एवढं तोंडातून निघालंसुद्धा. लहानपणापासूनची सवय ती. आईने, आजीने, सगळ्यांनी हेच शिकवलेलं. घाणी डोळ्यांसमोर दिसत होती, तरी शब्द फुटेना.

तेवढ्यात मारायका स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मोबाईलच्या मागे उभी राहिली. तिने मूठ उघडून दाखवली. मुठीत मीठ होतं आणि सुक्या मिरच्या. तिने मान हलवली, जणू म्हणत होती, तुम्ही बोला, पुढचं मी बघते.

मी बोलले. "माझा धंदा चांगला चाललाय. फार चांगला. तेल पुरत नाही इतकी मागणी आहे. घाणी मिळाली तर अजून वाढेल." संजनाने ऐकलं. वाड्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं असेल.

फोन बंद झाल्या झाल्या मारायकाने माझ्यावरून मूठ ओवाळली. ओवाळताना काय म्हणायचं ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली. मग मीठमिरच्या चुलीत टाकल्या. मिरच्या जळल्या, पण कुणाला ठसका लागला नाही. ठसका लागला नाही की समजायचं, दृष्ट होती. होतीच. पोरीने वेळेवर काढली.

घाणी आता आमच्या पडवीत आहे. मधुकर गुडघे चोळत येतात आणि मला चार गोष्टी सुनावून जातात. मारायका डिसेंबरात गेली. जाताना मी तिला तेलाची बाटली दिली, पण जे म्हणायचं होतं ते काही मला म्हणता आलं नाही. देवाने तिला आमच्या दारात पाठवली, एवढंच म्हणायचं होतं.

परवा तिचा फोन आला. मी विचारलं, "तू बरी मगो?"

ती आमच्या बोलीत म्हणाली, "कसली बरी गो काकी, ढकलतंय आपला."

म्हणजे पोर सुखात आहे. मी फोन ठेवला, मोबाईलमधला तिचा फोटो उघडला आणि त्यावरून मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. बाबाजीला असा ठसका लागला की तो खोकत अंगणात पळाला. मी चुलीपुढेच बसून राहिले. तिला कुणाची दृष्ट लागलेली नव्हती.