खंडेनवमीला घासलेला तंतू

२००१च्या खंडेनवमीला गुडगावातल्या एका काचेच्या इमारतीत कंपनीचे मालक उल्हास सरांनी हत्यारांची पूजा मांडली. हत्यारं म्हणजे दोन स्क्रू-ड्रायव्हर, एक कॅलक्युलेटर आणि कंपनीचं एकुलतं एक उपकरण: पाण्यातलं कीटकनाशक ओळखणारा प्रकाशतंतूचा सेन्सर. तंतूच्या टोकाला सोन्याचा थर होता, केसाच्या हजाराव्या भागाइतका पातळ. त्या थराशी प्रकाशातला एक ठरावीक रंग शोषला जाई आणि पडद्यावरच्या रेषेत खड्डा पडे. पाण्यात कीटकनाशक असलं की खड्डा सरके.

सरांना ते सोनं मळकट वाटलं. तबक घासता घासता त्यांनी तंतूलाही चिंच लावली, रुमालानं चोळलं आणि गंध लावलं. कंपनीच्या माहितीपत्रकात ते स्वतःला तंत्रज्ञ म्हणवून घेत.

दसऱ्यानंतर जवळच्या सोसायटीचे सचिव चड्ढा बोअरच्या पाण्याची बाटली घेऊन आले. पाण्याला औषधासारखा वास येत होता म्हणून पंप आठ दिवस बंद होता. तीनशे घरं टँकरवर होती. पाणी शुद्ध असल्याचा दाखला मिळाला की पंप सुरू होणार होता. सही प्रयोगशाळाप्रमुख वृंदाची लागे.

तिनं तंतू बाटलीत बुडवला. पडद्यावर सरळ रेषा.

"देखा? एकदम फ्लॅट! पानी बिल्कुल साफ," सर म्हणाले.

"सर, शुद्ध पाण्यातसुद्धा खड्डा दिसतोच. इथे खड्डाच नाही. सोनं गेलंय."

"कुठे गेलं?"

"तुमच्या रुमालावर."

"अगं, पूजेला काय मळकं ठेवायचं?"

वृंदानं तंतू पुसून चड्ढांच्या लिंबू सरबतात बुडवला. पुन्हा सरळ रेषा.

"अरे वाह, शरबत भी पास!" चड्ढा खूश झाले. "कमाल की मशीन है, यार."

सर तिच्याकडे वळले. "सही कर. तुझं कन्फर्मेशनचं पत्र अजून माझ्याच टेबलावर आहे."

वृंदानं दाखला टाइप केला, सही केली, शिक्का मारला. चड्ढांनी सही पाहिली, शिक्का पाहिला आणि कागद नेऊन सोसायटीच्या फलकावर चिकटवला.

रहिवाशांना वाचायची सवय होती. कागदावर लिहिलं होतं: 'उपकरण निकामी. पाण्याची तपासणी झालेली नाही. पाणी पिऊ नये.' पंपाच्या खोलीला त्यांनी स्वतःचं कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी वृंदाचं पत्र फाडलं. चार तुकडे, अगदी सारखे. एवढं काम त्यांना नीट जमलं.