कुलूपवाल्याचे जोडलेले हात

कुलूपवाल्याच्या हातांचा लौकिक असा, की तो गल्लीत शिरला तरी दारं आपसूक किलकिली व्हायची. एकदा तो चर्चमध्ये शिंकला आणि दानपेटी उघडली, असं त्याची बायको सांगते. तीही कमी करूनच सांगते.

अशा माणसाचे हात एका रविवारी प्रार्थनेत जोडले गेले, ते जोडलेलेच राहिले.

झालं असं, की त्याच्या एकुलत्या एक लेकीला समुद्रापलीकडच्या कुलपांच्या कारखान्यात नोकरी लागली. बोट गुरुवारची. बाप हिशेब मांडू लागला. दुकानात तिचा हात, घरात तिची शीळ. मागे उरणार काय? त्याने गुडघे टेकले, बोटांत बोटं अडकवली आणि देवाला बजावलं, "पोरगी इथंच राहिली पाहिजे. बाकी तुझी मर्जी."

आमेन म्हणून उठला, तर हात सुटेनात.

साबण झाला, तेल झालं. लोहाराने ओढलं, तेव्हा कुलूपवाला, लोहार आणि चर्चचा बाक असे तिघे घसरत दारापर्यंत आले. शेजारणीने गुदगुल्या केल्या; हा हसून हसून आडवा, हात मात्र तसेच. शेवटी लेकीने बारीक आकड्याने बोटांच्या फटी तपासल्या.

"बाबा, याला आतून कडी आहे."

फादर म्हणाले, "मागितलंत तरी काय?"

"तुझी इच्छा पूर्ण होवो, म्हटलं."

"एवढंच?"

"थोडं सुचवलं. पत्ता, वार, कारण. त्याला सोपं जावं म्हणून."

फादर खोकल्याच्या निमित्ताने बाहेर जाऊन पोटभर हसून आले.

खरी गंमत पुढेच. लेकीने भरलेली बॅग माळ्यावर टाकली. "आई भरवते ते अर्धं मिशीत जातं. मी नाही जात."

कुलूपवाला मनातल्या मनात नाचला. देव पावला की. दोन दिवस राजासारखा जेवला. बुधवारी सूप पिताना मात्र त्याला जाणवलं, घरात शीळ नाही. लेक हसत होती, पण चमचा त्याच्या तोंडाशी आणि डोळे खिडकीबाहेर, बंदराकडे. त्याने तोंड बाजूला घेतलं.

"राहू दे, तूच पी," म्हणत त्याने खुर्चीतच डोळे मिटले. "देवा, आता मी काही सुचवत नाही. ती माझ्याआधी तुझी. ने, ठेव, तुला हवं ते कर. मी रडेन, ते तू बघून घे."

त्याने एक डोळा किलकिला केला. हात बंदच. म्हणजे हात सुटावेत म्हणून बोललो होय, असं वाटून तो स्वतःशीच ओशाळला.

"बरं, हातही तुझेच. राहू देत असेच. बायको भरवेल, मिशी धुता येते."

टक्.

चमचा लेकीच्या हातून पडला. सुटलेल्या हातांनी बापाने पहिलं काम केलं, ते माळ्यावरची बॅग उतरवली.

गुरुवारी धक्क्यावर त्याने दोन्ही हात असे हलवले, की लोकांच्या टोप्या उडाल्या, गोदामांची कुलपं पटापट गळून पडली आणि इंजिन सुरू व्हायच्या आतच बोट बंदराबाहेर पडली.

"अहो, पुरे आता," बायको म्हणाली.

"सुटलेत तर वापरू दे की," तो नाक ओढत म्हणाला.

तेवढ्यात पाण्यावरून शीळ आली. मग तर त्याला आवरायला लोहारालाच बोलवावं लागलं.